कृत्रिम ऊतींच्या प्रतिकृती आणि स्त्रीरोग-तपासणीचे शिक्षण : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

वैद्यकविद्या ऐकून समजते, परंतु हाताच्या अभ्यासावाचून ती येत नाही, ही जाणीव भारतीय वैद्यकात पुरातन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय ‘योग्यासूत्रीय’ या नावाने ओळखला जातो. ‘योग्या’ म्हणजे प्रत्यक्ष रोग्यावर शस्त्र चालविण्यापूर्वी इतर द्रव्यांवर करावयाचा सराव. छेदनाचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी अशा फळांवर करावा. भेदनाचा सराव पाणी व चिखल भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर किंवा जनावराच्या मूत्राशयावर करावा. वेधनाचा सराव मृत पशूंच्या शिरांवर व कमळाच्या देठावर करावा. शिवण्याचा सराव जाड कापडाच्या आणि मऊ चामड्याच्या कडांवर करावा. आणि पट्ट्या बांधण्याचा सराव ‘पुस्तमय पुरुषा’वर, म्हणजे घडविलेल्या मनुष्याकृतीवर करावा, असे त्या अध्यायात सांगितले आहे.

या यादीत एक महत्त्वाचे तत्त्व दडलेले आहे. कोहळा मनुष्यदेहासारखा दिसत नाही, कमळाचा देठही शिरेसारखा दिसत नाही. परंतु शस्त्र आत शिरताना हाताला जो विरोध जाणवतो, तो मात्र दोन्हींत काही अंशी सारखा असतो. पट्टी बांधण्यास अवयवांचा आकार लागतो, म्हणून तेवढ्यासाठीच मनुष्याकृती सांगितली आहे. सारांश, प्रतिकृती कशाची करावयाची हे तिच्या दिसण्यावरून ठरत नाही. तिने हाताला काय शिकवावयाचे आहे, यावरून ते ठरते. सुश्रुताच्या यादीत स्त्रीरोग-तपासणीचा अंतर्भाव नाही. तथापि आज या तपासणीच्या शिक्षणासाठी ज्या कृत्रिम ऊतींच्या प्रतिकृती वापरल्या जातात, त्यांचे मोल ठरविण्यास हीच कसोटी पुरेशी आहे. या प्रतिकृती कोणत्या द्रव्यांच्या असतात, त्या हाताला काय शिकवितात, काय शिकवू शकत नाहीत, आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात त्यांचे स्थान कोणते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रश्नाचे स्वरूप

तेरा तालुक्यांच्या बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २५,८६,२५८ होती. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय दीर्घकाळ नव्हते. शेजारच्या अकोल्यासही ते २००२ साली मिळाले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत बुलढाण्याचा समावेश होता. तेथील प्रवेशक्षमता प्रतिवर्षी १०० विद्यार्थ्यांची ठरविण्यात आली. जिल्ह्याच्या दृष्टीने ही घटना स्वागतार्ह होय. परंतु तिच्याबरोबर एक प्रश्नही आला, आणि त्याची चर्चा सहसा होत नाही. हे शंभर विद्यार्थी स्त्रीरोग-तपासणी शिकणार कोणाच्या देहावर?

उदाहरणादाखल एक साधा हिशेब मांडता येईल. अंतर्गत तपासणीचा हात बसण्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याने केवळ दहा वेळा ती देखरेखीखाली करावयाची असे धरले, तरी एका वर्गासाठी एक हजार तपासण्या होतात. पहिल्या दोन-तीन वेळा प्रत्येकाचा हात चुकतोच : स्पेक्युलम चुकीच्या दिशेने जातो, बोटांचा दाब अनावश्यक वाढतो, गर्भाशयमुख सापडत नाही म्हणून शोध लांबतो. म्हणजे एका वर्गामागे दोन-तीनशे तपासण्या निश्चितपणे चुकतमाकत होणार. त्या वैद्यकीय कारणासाठी नसून केवळ शिकण्यासाठी असतील, आणि त्यांचा त्रास सोसणाऱ्या स्त्रिया बहुतांशी सार्वजनिक रुग्णालयात येणाऱ्या, नकार देण्याची सवय नसलेल्या, खेड्यापाड्यांतल्या असतील.

याची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. ज्या तपासणीत वेदना आणि अवमान झाला, त्या तपासणीस स्त्री पुन्हा येत नाही. आणि तिच्या शब्दावर गावातील इतर स्त्रियाही येत नाहीत. विदर्भातीलच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांत केलेली पाहणी १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तीत तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अनेक स्त्रीरोग आढळले. सरासरीने एका स्त्रीमागे ३.६ रोग होते. आणि यापूर्वी कधीतरी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रियांचे प्रमाण अवघे ८ टक्के होते. तक्रार नोंदविणाऱ्या स्त्रिया ५५ टक्के होत्या. याचा अर्थ, केवळ विचारपूस करून रोग समजला नसता; तो तपासणीनेच समजला. तपासणी अत्यावश्यक आहे, परंतु ती स्त्रियांपर्यंत पोहोचलेली नाही, हे त्या पाहणीने निर्विवादपणे दाखविले. नवशिक्या हातांमुळे या तपासणीविषयी भीती वाढली, तर शिक्षणसंस्था ज्या रोगांच्या निवारणासाठी निघाली त्यांच्याच निदानाचा मार्ग ती बंद करील.

तपासणी म्हणजे नेमके काय

प्रतिकृतीचा विचार करण्यापूर्वी तपासणीचे घटक वेगळे करून पाहणे इष्ट होय. स्त्रीरोग-तपासणीचे स्थूलमानाने तीन भाग पडतात. पहिला भाग डोळ्याचा : स्पेक्युलमच्या साहाय्याने योनिमार्गाच्या भिंती दूर सारून गर्भाशयमुख पाहणे. योनिमार्ग उभ्या रेषेत नसून मागे, माकडहाडाच्या दिशेने तिरपा जातो. पुढच्या बाजूस मूत्रमार्ग असल्याने तिकडे दाब पडल्यास तीव्र वेदना होते. म्हणून उपकरणाची दिशा आणि पाती उघडण्याची वेळ यांचे ज्ञान हाताला असावे लागते.

दुसरा भाग स्पर्शाचा. यात एका हाताची बोटे योनिमार्गात व दुसरा हात ओटीपोटावर ठेवून दोन्ही हातांच्या मध्ये गर्भाशय पकडले जाते. त्याचा आकार, दिशा, काठिण्य, हलण्याची सुलभता आणि दुखरेपणा हे पाच गुण त्यात तपासले जातात. मूल न झालेल्या स्त्रीचे गर्भाशय सुमारे साडेसात सेंटिमीटर लांब असते, आणि बीजांडकोश बदामाएवढे असतात. गर्भाशयमुखाच्या काठिण्याविषयी पिढ्यानपिढ्या विद्यार्थ्यांना सांगितली जाणारी तुलना येथे उपयुक्त आहे : गर्भ नसताना ते नाकाच्या शेंड्यासारखे लागते, गर्भ राहिल्यावर ओठासारखे. ही तुलना वाचून ध्यानात राहते. पण हातमोजा घातलेल्या बोटाला नाकाचा शेंडा व ओठ यांतील भेद न पाहता ओळखता येणे, ही वेगळी गोष्ट आहे.

तिसरा भाग क्रियेचा : गर्भाशयमुखाच्या पेशी घेणे, पातळ असेटिक आम्ल लावून पांढरा डाग दिसतो का हे पाहणे, गर्भाशयात तांबी बसविणे वा काढणे. भारतीय वैद्यक परिषदेने २०१९ पासून लागू केलेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमात यांतील पेशीनमुना घेणे व तांबी बसविणे या क्रिया पदवीच्या विद्यार्थ्यास कृत्रिम वातावरणात करता आल्या पाहिजेत, असा निर्देश आहे. २०२० साली त्या परिषदेची जागा घेणाऱ्या राष्ट्रीय वैद्यक आयोगानेही महाविद्यालयात कौशल्य-प्रयोगशाळा असणे आवश्यक मानले. यामुळे प्रतिकृती असावी की नसावी हा वाद आता उरलेला नाही. ती कशी असावी, हा खरा प्रश्न आहे.

ऊतीचा स्वभाव

शरीरातील मऊ ऊती ही रबरासारखी नसते. रबराच्या पट्टीस थोडा ताण दिला तर ती थोडी लांबते, दुप्पट दिला तर साधारण दुप्पट लांबते. ऊतीचे वर्तन निराळे असते. प्रारंभी ती अल्पशा दाबाने सहज दबते; पुढे मात्र तिचा विरोध एकाएकी वाढतो. याचे कारण तिच्या रचनेत आहे. ऊतीतील कोलॅजनचे तंतू स्वस्थ स्थितीत नागमोडी असतात. ते सरळ होईपर्यंत विरोध कमी असतो, आणि सरळ झाल्यावर ताण त्यांच्यावर पडून ऊती ताठ होते. शिवाय ऊतीत भरपूर पाणी असल्याने दाब टिकवून धरल्यास ती हळूहळू सैल पडते, आणि झटक्याने दाबल्यास अधिक ताठ लागते. अनुभवी वैद्याचा हात सावकाश चालतो याचे एक कारण हेच होय. सावकाश हाताला ऊती वाट देते. घाईच्या हाताला ती अडविते, आणि रुग्णेला दुखते.

यावरून चांगल्या प्रतिकृतीची तीन लक्षणे निघतात. एक, तिच्यात थर असले पाहिजेत : त्वचा, तिच्याखालील चरबी, आणि श्रोणितळाचे स्नायू यांचे काठिण्य भिन्न असले पाहिजे. दोन, आतील अवयव ठोकून बसविलेले नसावेत. गर्भाशय बंधांनी तोललेले असते आणि बोटाने ढकलल्यास हलते. न हलणारे गर्भाशय हे रोगाचे चिन्ह असू शकते. ज्या प्रतिकृतीत ते तळाला चिकटविलेले आहे, ती विद्यार्थ्याला रोगट अवस्था निरोगी म्हणून शिकविते. तीन, प्रतिकृतीचे अवयव बदलता आले पाहिजेत, म्हणजे मागे झुकलेले गर्भाशय, गाठी असलेले गर्भाशय, सुजलेला बीजांडकोश, खाली उतरलेले अंग या सर्व अवस्था एकाच साच्यात बसविता येतील.

तिसऱ्या लक्षणाबरोबर एक सावधगिरी सांगितली पाहिजे. अनेक प्रतिकृतींत दोन्ही बीजांडकोश अगदी ठळकपणे हाताला लागतात. वास्तवात स्थूल किंवा अंग आखडून धरलेल्या स्त्रीत ते पुष्कळदा लागत नाहीत, आणि पाळी गेलेल्या स्त्रीत ते लागू नयेत हेच स्वाभाविक असते. तेथे ते लागल्यास अधिक तपास करणे योग्य ठरते. जेथे काहीच हाताला लागत नाही अशी एक तरी प्रतिकृती प्रयोगशाळेत असावी. ‘लागत नाही’ असे प्रांजळपणे लिहिणे हेही एक कौशल्य आहे, आणि ते सरावानेच येते.

द्रव्ये आणि जिल्ह्याचे हवामान

कृत्रिम ऊती बनविण्यासाठी चार द्रव्यांचा विशेष उपयोग होतो. जिलेटिन स्वस्त व सहज मिळणारे आहे. पाण्यातील त्याचे प्रमाण दुप्पट केल्यास काठिण्य स्थूलमानाने चौपट होते. यामुळे एकाच द्रव्यापासून मऊ चरबीपासून घट्ट गाठीपर्यंतचे थर ओतता येतात. परंतु ते सुमारे ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागते, वाळून आकसते, आणि त्यावर लवकर बुरशी येते. अगर हे सागरी शेवाळापासून मिळणारे द्रव्य उष्णता चांगली सोसते. एकदा गोठल्यावर ते ८० अंशांच्या पुढेच वितळते. मात्र ते ठिसूळ असल्याने बोटाच्या वारंवार दाबाने तुकडे पडतात. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे द्रावण गोठवून पुन्हा वितळविल्यास त्याचा पाणीदार रबरासारखा गोळा बनतो. प्रत्येक आवर्तनागणिक तो अधिक ताठ होतो, आणि त्याचे वर्तन ऊतीच्या पुष्कळ जवळ जाते. तो ओला ठेवावा लागतो, हा त्याचा दोष. सिलिकोन सर्वांत टिकाऊ. त्यात सिलिकोन तेल मिसळून हवा तितका मऊपणा आणता येतो, रंग मिसळता येतो, साबणाने धुता येते. मात्र त्याचा विरोध आरंभी हळूहळू व सरळ प्रमाणात वाढतो. ऊतीसारखा एकाएकी वाढत नाही. म्हणून जाणकार कारागीर त्याच्या थरात विरळ विणीचे कापड बसवितात. कापडाचे धागे ताणले जाईपर्यंत थर मऊ राहतो व नंतर ताठ होतो. येथे धागा कोलॅजनचे काम करतो.

द्रव्याची निवड ग्रंथावरून न करता जिल्ह्याचे हवामान पाहून केली पाहिजे. बुलढाणा जिल्ह्याचे ‘घाटावरील’ आणि ‘घाटाखालील’ असे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेल्या बुलढाणा शहराची हवा तुलनेने थंड असते. परंतु पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव या भागांत उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. शीतकपाट नसलेल्या उपकेंद्रात जिलेटिनची प्रतिकृती एप्रिलमध्ये वाटीत ठेवलेल्या रसासारखी होईल. तेव्हा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, जेथे पदव्युत्तर विद्यार्थी स्वतः थर ओतून निरनिराळ्या गाठींचा अभ्यास करणार आहेत, तेथे जिलेटिन व पॉलिव्हिनाइल अल्कोहोल योग्य. तालुक्याच्या रुग्णालयांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत फिरवावयाच्या प्रतिकृती मात्र सिलिकोनच्याच असाव्यात. दोन बारीक गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. प्लॅटिनमच्या साहाय्याने घट्ट होणारे सिलिकोन गंधकयुक्त रबराच्या सान्निध्यात नीट घट्ट होत नाही, म्हणून ओतकाम करताना लॅटेक्सचे हातमोजे टाळावेत. तसेच सिलिकोनच्या प्रतिकृतीवर सिलिकोन तेलाचे वंगण लावल्यास ती फुगते. पाण्यात विरघळणारे वंगणच वापरावे.

या ठिकाणी एक ऐतिहासिक उदाहरण मननीय आहे. अठराव्या शतकात फ्रान्समधील सुईण आंजेलिक द्यू कुद्रे हिने प्रसूतिशिक्षणासाठी कापड, चामडे व कापूस यांची एक प्रतिकृती बनविली होती. १७५९ साली राजाज्ञा मिळाल्यानंतर ती गावोगाव हिंडून खेड्यांतील स्त्रियांना शिकवीत राहिली आणि हजारोंनी तिच्याकडून शिक्षण घेतले. तिची एक प्रतिकृती रूआँ येथील संग्रहालयात आजही पाहावयास मिळते. तीत महागडे असे काही नव्हते. शिवणकाम व शरीररचनेचे अचूक ज्ञान यांचा तो संयोग होता. खामगाव हे कापसाच्या व्यापाराचे जुने केंद्र आहे, आणि गोधडी शिवणारे हात जिल्ह्यातील घराघरांत आहेत. परदेशी प्रतिकृतींची किंमत हा अडथळा सांगितला जातो, तेव्हा द्यू कुद्रेचे हे उदाहरण आठवावे. अवयवांचा परस्परसंबंध शिकविण्यापुरती कापडी प्रतिकृती कोणत्याही संस्थेच्या आवाक्यात आहे. सिलिकोनचा खर्च फक्त स्पर्शाच्या भागापुरता करावा.

हाताच्या चुका दिसू लागतात

प्रतिकृतीचा एक उपयोग सहसा दुर्लक्षिला जातो. प्रत्यक्ष तपासणीत विद्यार्थ्याची बोटे नेमकी कोठे आहेत हे शिक्षकास दिसत नाही. विद्यार्थी ‘गर्भाशय लागले’ असे म्हणतो, आणि शिक्षकास ते खरे मानावे लागते. या अडचणीवर उपाय म्हणून अमेरिकेतील डॉ. कार्ला प्यू यांनी प्रतिकृतीच्या आत गर्भाशयमुख, गर्भाशय व बीजांडकोश यांच्या ठिकाणी दाबमापक संवेदक बसविले, आणि त्यांची नोंद पडद्यावर दाखविली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात परीक्षेस लागलेला वेळ, महत्त्वाच्या किती जागा चाचपल्या, तेथे किती वेळा बोट गेले आणि अधिकाधिक किती दाब पडला, अशा मोजमापांचा विचार केला आहे. जे पूर्वी केवळ विश्वासावर सोडावे लागत होते ते मोजता येऊ लागले, ही मोठीच प्रगती होय. प्रतिकृतीवरील प्रशिक्षण अजिबात न मिळालेल्यांच्या तुलनेत ते मिळालेल्यांचे कौशल्य स्पष्टपणे अधिक असते, असा निष्कर्ष २०१३ साली अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातूनही निघाला.

या शिक्षणाचे फळ केवळ महाविद्यालयापुरते मर्यादित नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्टीतील स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी केलेल्या प्रयोगात असेटिक आम्लाची तपासणी डॉक्टरांनी केली नाही. किमान दहावीपर्यंत शिकलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी ती केली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उलट त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेल्या व २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विषाणूच्या चाचणीने मृत्यू घटल्याचे दिसले, डोळ्याने पाहण्याच्या पद्धतीने मात्र तशी लक्षणीय घट दिसली नाही. डोळ्याने पाहण्याच्या पद्धतीचे यश पाहणाऱ्याच्या तयारीवर पुष्कळ अवलंबून असते, हे तज्ज्ञांत सर्वमान्य आहे. विषाणूचा नमुना स्त्रीने स्वतःच घेण्याची पद्धत आता पुढे येत आहे. त्यामुळे पहिल्या पायरीवरील स्पेक्युलम पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत टळेल. परंतु ज्यांची चाचणी दोषदर्शक येईल, त्यांना तपासणीसाठी कोणाच्या तरी हाती यावेच लागेल. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी अवघ्या १.९ टक्के स्त्रियांची ही तपासणी कधीतरी झाल्याचे आढळले. संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आदिवासी गावांपर्यंत ती न्यावयाची असेल, तर जिल्ह्यातील आरोग्यसेविकेचा हात व डोळा तयार करणे हाच मार्ग उरतो.

प्रतिकृतीच्या मर्यादा

प्रतिकृतीचे गुण सांगून झाल्यावर तिच्या मर्यादा सांगणे आवश्यक आहे. सिलिकोनला दुखत नाही. ते पाय आवळून घेत नाही, डोळे मिटून घेत नाही, आणि भिंतीकडे तोंड फिरवीत नाही. वऱ्हाडातील स्त्री ‘अंगावरून पांढरे जाते’ किंवा ‘अंग बाहेर येते’ हे शब्दसुद्धा सहजासहजी उच्चारीत नाही. ‘कंबर लय दुखते’ एवढ्यावरच ती थांबते, आणि पुढचे तिच्याकडून धीराने काढून घ्यावे लागते. ही भाषा कोणतीही प्रतिकृती शिकवू शकत नाही. स्त्रीचा हा संकोच जुनाच आहे. १८८३ साली परदेशी शिक्षणास निघण्यापूर्वी आनंदीबाई जोशी यांनी श्रीरामपूर येथील भाषणात हिंदू स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची किती निकड आहे हे सांगितले होते. स्त्री-डॉक्टरांची संख्या वाढली तरी संकोच संपलेला नाही. त्याचा मान राखणे हाच त्यावरचा उपाय आहे.

येथे संमतीचा प्रश्न येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात निदानासाठी दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती ठरत नाही, असा निर्णय दिला. त्याच तत्त्वाच्या तर्काने पुढे जावयाचे, तर उपचारासाठी आलेल्या स्त्रीची संमती विद्यार्थ्यांच्या सरावाची संमती ठरू शकत नाही. ती वेगळी, समजेल अशा भाषेत आणि नकाराची पूर्ण मोकळीक ठेवून मागितली पाहिजे. भूल दिलेल्या स्त्रीची तिच्या नकळत सरावासाठी तपासणी करणे तर सर्वथा अनुचित होय. तसेच, काय शिकवावयाचे नाही, याचाही विचार प्रयोगशाळेत झाला पाहिजे. बलात्कारपीडितेची तथाकथित ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तिच्या हक्कांचा भंग करणारी ठरविली; २०२२ साली तिचा पुन्हा तीव्र निषेध करून वैद्यकीय अभ्यासक्रमाचे पुनरीक्षण करण्याचा आदेश दिला. या चाचणीच्या अशास्त्रीयतेकडे लक्ष वेधण्यात सेवाग्रामचे न्यायवैद्यकाचे अध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० पासून केलेले काम विदर्भास भूषणावह आहे. हाताचे कौशल्य शिकविताना हाताची मर्यादा शिकविली नाही, तर ते शिक्षण अपुरे राहते.

प्रतिकृती आणि प्रत्यक्ष रुग्णा यांच्यामध्ये आणखी एक पायरी असू शकते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. रॉबर्ट क्रेट्श्मर यांनी १९६८ पासून या दिशेने प्रयत्न केला. पुढे त्यातून अशी पद्धत विकसित झाली की, खास प्रशिक्षण घेतलेली स्त्री स्वेच्छेने व मोबदला घेऊन स्वतःच विद्यार्थ्यांना तपासणी शिकविते, आणि कोठे दुखले, कोणता शब्द खटकला, हे लगेच सांगते. भारतात ही पद्धत रुळलेली नाही, आणि बुलढाण्यात ती लगोलग रुजेल अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नाही. तथापि तिचा गाभा उचलता येतो. प्रतिकृती मेजावर ठेवून तिच्या डोक्याच्या बाजूस एखाद्या ज्येष्ठ परिचारिकेने वा आरोग्यसेविकेने रुग्णा म्हणून बसावे. विद्यार्थ्याने हात प्रतिकृतीवर ठेवावा, पण बोलावे त्या बाईंशी : तपासणी का करावयाची ते सांगावे, परवानगी मागावी, प्रत्येक पायरीपूर्वी पूर्वसूचना द्यावी, आणि त्यांनी ‘थांबा’ म्हणताच थांबावे. ही पद्धत बिनखर्चाची आहे आणि प्रतिकृतीची सर्वांत मोठी उणीव ती पुष्कळ अंशी भरून काढते.

उपसंहार

वरील विवेचनावरून शिक्षणाचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम कापडी प्रतिकृतीवर अवयवांची स्थाने. नंतर सिलिकोनच्या प्रतिकृतीवर स्पेक्युलमची दिशा व दोन हातांची तपासणी. त्यानंतर बदलत्या अवयवांवर रोगांची ओळख. मग संभाषणासह संपूर्ण तपासणी. आणि यांत ठरावीक गुणवत्ता सिद्ध झाल्यावरच, संमती देणाऱ्या स्त्रीवर, शिक्षकाच्या देखरेखीखाली पहिली प्रत्यक्ष तपासणी. यांतील एकही पायरी नव्या महाविद्यालयाच्या सामर्थ्याबाहेरची नाही. उलट नव्या संस्थेला एक सोय आहे : जुन्या संस्थांत वर्षानुवर्षे चालत आलेल्या सवयी मोडाव्या लागतात, येथे त्या लावून घ्यावयाच्या आहेत.

सुश्रुताने सांगितलेल्या योग्येचा आशय अखेर असा की, चुकण्याचा हक्क शिष्याला आहे, परंतु ती चूक रोग्याच्या अंगावर करण्याचा हक्क त्याला नाही. म्हणून त्याला आधी कोहळ्यावर चुकू द्यावे. लोणारहून एस. टी. ने दोन-तीन तास प्रवास करून, घरच्यांना कसेबसे राजी करून, जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणीच्या मेजावर येऊन पडलेल्या स्त्रीला सिलिकोन कोणत्या जातीचे हे ठाऊक नसेल. आपल्या आधी या हाताने कितीदा सराव केला आहे, हे मात्र तिला पहिल्या स्पर्शातच कळेल. आणि पुढच्या वेळी ती येईल की नाही, तसेच आपल्या सुनेला आणील की नाही, हेही त्याच स्पर्शाने ठरेल.